गेटर मागं चालतो

हमीदभाई टायरात हात घालायचे तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. उघड्या डोळ्यांनी टायर तपासणारा माणूस त्यांच्या मते आंधळाच. बोटं आत फिरत असताना ते असे गप्प व्हायचे की दांडगे ट्रकवालेही तोंडातली विडी विझवत. मग डोळे उघडून निकाल: "भाईरनं समदं झकास हाय. आतनं मेलाय."

शिवऱ्याला हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान आणि त्याला चिकटून माझं चहाचं हॉटेल. माझा चहा प्यालेल्या ड्रायव्हरची थेट कोल्हापूरपर्यंत पापणी लवत नसे. हे मीच सांगत असे, पण कुणी तक्रार घेऊन परत आला नाही.

हमीदभाईंचा एकच कायदा होता. फाटक्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा बसवतात, त्याला गेटर म्हणतात. "गेटर मागं चालतो, पुढं न्हाई," ते म्हणायचे. "मागचा फुटला तर गाडी बसती. पुढचा फुटला तर माणसं बसत्यात, कायमची." एकदा हिर्डोशीकडचा एक जीपवाला हट्टाला पेटला की गेटरचा टायर पुढंच लावा. हमीदभाई जीपच्या पुढ्यात जाऊन आडवे झाले. जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, बॅटरी उतरली, तेव्हा कुठं त्याने ऐकलं. पाऊण तालुका बघायला जमला होता. बरं, पाऊण नसेल, पण माझं दूध संपलं होतं.

त्या माणसाला भीती ठाऊक नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मग त्यांच्या कुशीत कळ यायला लागली. भोरला सोनोग्राफी केली. मूतखडा निघाला, तो बारीक होता, आपोआप पडला. पण फोटो काढणारा डॉक्टर पडद्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, पुण्याला जा, उशीर करू नका.

पुण्याला मी सोबत गेलो, हमीदभाईंच्या पत्नी जैबुनभाभीही होत्या. तिथल्या तरुण डॉक्टरने कागदावर चित्र काढलं. पोटातली मोठी रक्तवाहिनी बेंबीपाशी दुभंगते, एक वाट या पायाला, एक त्या पायाला. हमीदभाईंच्या डाव्या वाटेवर, ओटीपोटात खोल, फुगवटा आला होता. करंगळीएवढी नळी तिथं लिंबाएवढी झाली होती.

"दुखत न्हाई की," हमीदभाई म्हणाले.

"दुखत नाही, हेच वाईट. फुटला तर शिवऱ्याहून इथं पोचायला वेळ मिळणार नाही."

डॉक्टर पुढं म्हणाला, पोट उघडायची गरज नाही. जांघेत लहानसं छिद्र पाडू, तिथून तार सरकवू, आणि फुगलेल्या जागी आतून कापडाचं अस्तर लावलेली जाळीची नळी बसवू. रक्त नळीतून जाईल, फुगवट्यावर जोर येणार नाही.

हमीदभाईंनी त्या चित्रावरून बोट फिरवलं. "म्हंजे गेटर," ते म्हणाले.

"गेटर म्हणजे?"

त्यांनी समजावलं. डॉक्टर खूश झाला. "अगदी बरोबर. गेटरच."

हमीदभाई उठले, टोपी नीट केली आणि बाहेर पडले. आम्ही मागं धावलो. जिन्यात मला म्हणाले, "बाळू, पोट मागं आस्तं का पुढं?"

"पुढं."

"मग?"

झालं. त्यापुढं त्यांना कुणी हलवू शकलं नाही. घरी मात्र अशी दहशत बसली की विचारू नका. हमीदभाई शिंकताना दोन्ही हातांनी पोट धरायचे. खोकला आला तर भाभी चूल सोडून धावायच्या. नमाज खुर्चीवर. वजन उचलणं बंद, बोअरचा हापसा बंद, हसणंसुद्धा बेतानं. मी विनोद सांगायला लागलो की भाभी दारातून डोळे वटारायच्या: "भाऊजी, हसवू नका त्यांना. जीव घ्याल." आयुष्यात माझ्या विनोदाला एवढा मान कुणी दिला नव्हता. गिऱ्हाइकंही त्यांच्यापासून जरा लांबच्या बाकड्यावर बसायला लागली. मीही चहा लांबूनच सरकवायचो.

एका दुपारी जे होऊ नये तेच झालं. एका टेम्पोवाल्याने स्वतःच टायरात हवा भरायला घेतली आणि काट्याकडे बघायचं विसरला. टायर फुटला. आवाज असा की माझ्या दुधावरची साय उडून म्हणे कापूरव्होळला पडली. धूळ खाली बसली तेव्हा हमीदभाई जमिनीवर बसलेले, पोट आवळून, तोंड पांढरं फटक. मी जवळ गेलो.

"बाळू," ते हळूच म्हणाले, "बग रं. माजं फुटलं का त्याचं?"

आजवर मी ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली आणि लोक पोट धरून हसले. त्या दुपारी मात्र कुणी हसलं नाही. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. हात ठेवून काय कळणार होतं मला? पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की मी म्हणालो, "त्याचं. त्याचं फुटलं, भाई."

संध्याकाळी भाभींनी माझ्या हॉटेलातून पुण्याला फोन लावला. डॉक्टरला गेटरचा सगळा कायदा ऐकवला आणि विचारलं, "तुमी खरं सांगा. ती शीर पुढं हाय का मागं?"

पलीकडून डॉक्टर म्हणाला, "आतड्यांच्याही मागं असते हो. पार पाठीच्या बाजूला."

भाभींनी रिसीव्हर हमीदभाईंच्या कानाला लावला. "परत सांगा त्यास्नी."

हमीदभाईंनी ऐकलं. "मागं?" त्यांनी विचारलं. "नक्की मागं?" मग रिसीव्हर मला दिला. "टाक म्हनावं गेटर."

भूल फक्त जांघेपुरती होती, त्यामुळे तार आत सरकताना ते जागे होते. आम्ही बाहेर. भाभींच्या बोटांत तसबीहचे मणी फिरत होते, आणि मी, ज्याची जीभ झोपेतही थांबत नाही, तो नुसते ते मणी मोजत होतो. वॉर्डात आणलं तेव्हा हमीदभाई पाय सरळ ठेवून पडले होते, छताकडे बघत.

"दुखतंय का?" भाभींनी विचारलं.

"न्हाई. भ्या वाटतंय."

"आता कशाचं? झालं की."

"आता ह्ये घिऊन घरी जायाचंय."

ते खरंच होतं. डॉक्टरने सांगितलं होतं की दरवर्षी फोटो काढायचा, कडेने रक्त लीक होतंय का बघायला. लीक हा शब्द त्यांना सांगायला नको होता. ते पुन्हा टायरं उचलायला लागले, पुन्हा गिऱ्हाइकांवर ओरडायला लागले, पण फोटोची तारीख जवळ आली की जेवण सुटायचं. एवढा राकट माणूस, पुण्याच्या दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये माझं मनगट असं धरायचा की रात्री बोटांचे वळ दिसायचे. रिपोर्ट चांगला आला की परतताना नसरापूरला भजी खायची, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या वर्षाची धास्ती.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका थंडीत त्यांना ताप भरला, खोकला उतरेना. भोरच्या दवाखान्यात ठेवलं. श्वास भात्यासारखा चालला होता, तरी त्यांनी डॉक्टरला आधी पोटच बघायला लावलं.

"लीक हाय का?"

"नाही. नळी अगदी जागेवर आहे, चाचा."

"मंग ह्ये काय झालंय मला?"

"फुप्फुसं. न्यूमोनिया दोन्हीकडे पसरलाय."

हमीदभाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. किती वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावरची ती धास्ती गेली होती. तिच्या जागी काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"तिकडं," ते म्हणाले, "म्या कदी बगितलंच न्हाई, बाळू."