नुसता खपला की चालला

आमच्या बाबांनी बंगळूरला एक खेळ आणला. आणला म्हणजे सांगलीच्या फरशीवरून उचलून मल्लेश्वरममध्ये पुठ्ठ्यावर बसवला. तो खेळ चालला की बुडाला, यावर आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं वाद होत राहिला. तो मिटला तेव्हा आई नव्हती, एवढंच मला अजून सोसत नाही.

खेळ साधाच, कवड्यांचा पट. जमिनीवर खडूने चौकोन आखायचा, त्यात पाच ओळींत पाच-पाच घरं. कवड्या टाकायच्या आणि आपल्या सोंगट्या बाहेरून फिरवत मधल्या घरात न्यायच्या. अट एकच. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. माझी आई आणि तिची थोरली बहीण लग्नाआधी रोज दुपारी हा खेळ खेळायच्या. खेळायच्या कसल्या, भांडायच्या. कवड्यांना शिव्या, एकमेकींच्या होणाऱ्या सासरचा उद्धार आणि माजघरातून आजोबांचा ओरडा. मावशी डावखुरी होती आणि आईच्या मते तिचं सगळं नशीब त्या डाव्या हातात होतं.

बाबांना बंगळूरच्या सरकारी कारखान्यात नकाशे काढायची नोकरी लागली आणि आम्ही मल्लेश्वरममध्ये भाड्याने राहायला आलो. बाबांना कारखाना मिळाला, मला शाळा मिळाली, आईला काय मिळालं? स्वयंपाकघराची लाल गुळगुळीत फरशी. कानडीतले स्वल्प, साकु आणि बेडा एवढेच शब्द तिला येत. थोडं, पुरे आणि नको. एवढ्यावर भाजी घेता येते, मैत्री होत नाही.

एका शनिवारी बाबा अर्ध्या दिवसाने घरी आले. आई फरशीवर पट मांडून बसली होती, एकटीच. आपला डाव आला की कवड्या पदराला पुसून उजव्या हाताने टाकायची. मग पलीकडच्या बाजूला सरकून डाव्या हाताने टाकायची. डाव्या हाताचं दान चांगलं पडलं तेव्हा ती म्हणाली, "घे, मेले, तुझंच खरं." बाबा दारातच थांबले आणि वहाणा न काढता परत अंगणात गेले.

त्यानंतर चार दिवस ते स्वतः तिच्याशी खेळायला बसले. पण बाबा खेळत नसत, गणित करत. तोंडातून अवाक्षर नाही, आणि जिंकायचे मात्र दरवेळी. आई म्हणाली, "तुमच्यापेक्षा भिंतीशी खेळलेलं बरं. भिंत निदान जिंकत नाही." मग बाबांनी जाहीर केलं की हा खेळ पेटीत घालून विकायचा. चांगला जोडधंदा होईल. आई हसली. खरं कारण त्यांनी मला सांगितलं, आठव्या क्रॉसवरच्या, म्हणजे आडव्या रस्त्यावरच्या, खेळण्यांच्या दुकानाकडे जाताना, माझं बोट धरून. "इथल्या बायकांना खेळ कळला की तुझ्या आईला जोडीदारीण मिळेल. तिला बोलू नकोस." मी बोलले नाही. मला तेव्हा पोटात गुपित ठेवायची फार हौस होती.

बाबांनी घडीचा पुठ्ठा करून घेतला, चन्नपट्टणच्या कारागिरांकडून लाल-पिवळ्या लाखेच्या सोंगट्या कातून घेतल्या. खेळाचे नियम कानडीत लिहायचं काम कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने केलं. एक बदल मात्र बाबांनी स्वतःच्या डोक्याने केला. सोंगटी मारायची अट काढून टाकली. सभ्य घरांतून भांडणं नकोत म्हणे! पहिली पेटी आईपुढे ठेवली तेव्हा तिने पुठ्ठ्यावर कवड्या टाकून पाहिल्या. "आवाजच नाही," ती म्हणाली. "आणि मारायचं नाही तर खेळायचं काय, हळदीकुंकू?"

दुकानदार बाबांना सर म्हणे आणि पेट्या काचेच्या कपाटात समोरच ठेवी. बाबांनी त्याच्याकडे सुट्या सोंगट्यांची एक पिशवीही देऊन ठेवली. तो म्हणाला, "ह्याचं काय काम सर?" बाबांनी समजावलं, "वस्तू खपली म्हणजे चालली असं नव्हे. खेळ खेळला जातो तेव्हा सोंगट्या हरवतात. हरवलेली सोंगटी मागायला माणूस आला की समजायचं, चालला." दुकानदाराने मान हलवली. धंदा करणाऱ्या माणसाने असलं काही ऐकलं की तो मानच हलवतो.

श्रावण गेला, गणपती गेले, पेट्या होत्या तिथेच. आणि दसऱ्याच्या तोंडावर एकाएकी कपाट रिकामं! दुकानदाराने आणखी पेट्या मागितल्या. बाबा येताना म्हैसूरपाक घेऊन आले. आईसुद्धा जरा चमकली. पण बाबांचा प्रश्न एकच, "सोंगटी मागायला कुणी आलं का?" तसं कुणी आलं नव्हतं.

बंगळूरला नवरात्रात घरोघर पायऱ्या करून बाहुल्या मांडतात आणि बायकांना बघायला बोलावतात. समोरच्या घरातल्या अक्का दरवर्षी बोलावत. धिप्पाड बाई, आवाज रस्त्याच्या टोकाला ऐकू जाईल असा. आई दरवर्षी उंबऱ्याशी कुंकू लावून घ्यायची आणि भाषेच्या भीतीने परत यायची. त्या वर्षी मी तिला हाताला धरून आत ओढलं, कारण मला बाहुल्या पाहायच्या होत्या. वरच्या पायरीवर देव, खाली वाणी-वाणीण, आणि सगळ्यांत खाली लग्नाची वरात. वरातीतली माणसं म्हणजे आमच्या सोंगट्या. पुठ्ठा उलटा घालून त्याचा रस्ता केला होता. तेव्हा मला कळलं की गावभर पेट्या कशासाठी खपल्या होत्या. रंग छान होता ना!

मला रडूच फुटलं. आई खाली बसली, एक लाल सोंगटी उचलली आणि म्हणाली, "खेळ आहे हा, खेळ." मराठीतच म्हणाली, दुसरं काय म्हणणार? अक्कांना कळेना. तेव्हा आईने रांगोळीचं पीठ चिमटीत घेतलं आणि फरशीवर चौकोन काढला. पाच घरं आडवी, पाच उभी. तिने मधल्या घरात फुली मारायच्या आत अक्कांनी कपाळावर हात मारला.

"अय्यो! इदु नम्म चौकाबारा अल्लवा?"

हा तर आमचाच चौकाबारा! त्या गावातली एकूण एक म्हातारी तो खेळत होती, दुपारची, दारं लोटून. दगडाच्या फरशीवर, बांगड्यांचे तुकडे घेऊन. मारायच्या अटीसकट. बाबांनी बंगळूरला बंगळूरचाच खेळ आणला होता. नियम कानडीत लिहिणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी नंतर जाब विचारला, तर तो बिचारा म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

त्या दिवशी आई दिवेलागणीला घरी आली, घसा बसलेला, बोटांना पीठ. बाबांनी विचारलं, "पाहिलास का कुठे आपला खेळ?" आई म्हणाली, "तुमचा खेळ साऱ्या गावात कुणीही खेळत नाही. बुडालात तुम्ही." आणि हसू आवरेना म्हणून भिंतीला टेकली. बाबा तिचा बसलेला आवाज लक्ष देऊन ऐकत राहिले. मला वाटलं, आता तरी खरं सांगतील. नाही सांगितलं.

पुढे दुकानातून राहिलेल्या पेट्या आणि ती सुटी पिशवी परत आली. आई मात्र रोज दुपारी समोर जाऊ लागली. आपल्या लाल सोंगट्या पदराच्या टोकाला बांधून न्यायची आणि तशाच परत आणायची. अक्का मराठी शिकल्या, म्हणजे शिव्या शिकल्या. आई भरभरून कानडी बोलू लागली. मावशीची आठवण तिला कमी झाली असं मी म्हणणार नाही. मिरजेच्या गाडीची वेळ झाली की ती घड्याळाकडे बघायचीच. पण घरच्या फरशीवर डाव्या हाताने कवड्या टाकताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही. धंद्याचा विषय निघाला की ती बाबांना चिडवायची, "बुडालेले सावकार." बाबा म्हणायचे, "अजून निकाल लागायचाय."

मी कॉलेजात असताना आई गेली, थोड्या दिवसांच्या तापाने. घर इतकं गप्प झालं की मला शाळेतून येऊन तिच्याशी भांडायचे दिवस हवेसे वाटायचे. अजून वाटतात. तिच्याशी एकदा तरी पट मांडून बसायला हवं होतं. मला तो म्हाताऱ्या बायकांचा खेळ वाटायचा.

काही आठवडे गेल्यावर एका दुपारी अक्का आल्या. कधी नव्हे अशा हळू आवाजात म्हणाल्या, "तिच्या लाल सोंगट्या पाहिजे होत्या. मी आता एकटीच खेळते. तिच्या बाजूला बांगडीचे तुकडे ठेवते, बरं वाटत नाही."

त्या सोंगट्या मला हव्या होत्या. मी घाईने म्हणाले, "अक्का, पिशवीत नव्या कोऱ्या आहेत, त्या देते."

"नव्या बेडा," अक्का म्हणाल्या.

बाबा उठले. आईच्या डब्यातून सोंगट्या काढून त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिल्या. वरची लाख तिच्या बोटांनी घासून पांढरट झाली होती. त्यांनी त्या अक्कांच्या हातात दिल्या. अक्का गेल्यावर मला म्हणाले, "आलं ना कुणीतरी मागायला?"

मला राग आला होता. मी म्हणाले, "इतक्या वर्षांत एक गिऱ्हाईक, बाबा!"

"एकीसाठीच काढला होता," बाबा म्हणाले.

थोड्या वेळाने समोरच्या फरशीवर कवड्या पडल्याचा आवाज आला. अक्कांचा डाव झाला. मग जराशी शांतता. आई कवड्या टाकण्याआधी पदराला पुसायची, तेवढी. आणि मग पुन्हा आवाज आला.