नेम चुकला नव्हता

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो मेला, तोवर नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या अक्षरांत आता तुम्हाला लिहिते.

आमच्या गावाला, हिर्डोशीला, पुण्याहून चार जण फिल्म काढायला आले, तेव्हा मोबाईल नव्हते. तीन पोरं आणि त्यांची म्होरकी मेधा. दहा मिनिटांची फिल्म — गोष्ट नाही, बोलणं नाही. शाळेच्या ओट्यावर झोपायचे, एका ढगावरून तासभर भांडायचे. मी त्यांना भाकरी घालायचे. मनात म्हणायचे, यांना घरी कामं नाहीत काय?

मेधाला एक चित्र हवं होतं. खळ्यावर नाचणीची कणसं पसरलेली, त्यांत माझी सून रंजना पालथी पडलेली, आणि मी दांडक्यानं कणसं बडवतेय. दांडकं तिच्या हातापासून वीतभर लांब पडायचं. रीळ थोडं होतं, म्हणून आधी कॅमेरा बंद ठेवून तालीम केली. एकदाही चुकले नाही.

तरी मेधाला धाकधूक. "आजी, हिला लागणार नाही ना?"

रंजना पडल्या पडल्या हसली. "घाबरू नका ताई. आत्याबाईंचा नेम लई पक्का हाय. रोज माझ्यावरच धरत्यात!"

सगळे हसले. त्यांना थट्टा वाटली. थट्टा कसली? मी तिला मारायचे — चुलीतल्या लाकडानं, हाताला येईल त्यानं. पण बाहेरच्यांपुढं ती बोलली, हे मला सोसलं नाही.

कॅमेरा सुरू झाला. मेधा म्हणाली, "जोरात, आजी!"

नेम चुकला, असं गाव म्हणतं. मी तिचं मनगट बघून मारलं. हाड मोडल्याचा आवाज वेगळा येतो — मला कळला. कळल्यावर आणखी दोनदा मारलं. मेधा ओरडत मधे पडली.

मग तिनं काय करावं? कॅमेरा उघडला आणि रडत रडत रीळ उन्हात ओढून काढलं. उजेड लागला की त्यावरचं सगळं जातं म्हणे. माझ्याविरुद्धचा एकच पुरावा — तो तिनंच घालवला.

टेम्पोतून भोरला दवाखान्यात नेताना रंजनाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिच्या कानात म्हणाले, "नेम चुकला म्हणायचं. न्हाईतर दुसरा हात हायेच." ती तसंच म्हणाली. पोलीस पाटलाला मी सांगितलं — डोळ्यांत भूस गेलं, दिसेना, आणि जोरात मार म्हणून ह्या बाईनंच सांगितलं. गावच्या पोरांनी मेधाच्या सोबत्यांना लाथांनी तुडवलं. एकाचे दात पडले. मी ओसरीत उभी राहून बघितलं.

रंजनाच्या उजव्या हाताची मूठ आजही वळत नाही.

शिमग्याला मेधा एकटीच आली, एसटीनं, कॅमेरा न घेता. माझ्या पायाशी बसली. "आजी, खरं सांगा. माझ्यामुळंच झालं ना?"

रंजना दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती.

मी म्हणाले, "व्हय."

मेधानं फिल्म काढणं सोडलं, असं पुढं शाळेच्या मास्तरांकडून कळलं. मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. आता विचारायला कोणी येणार नव्हतं.