हसण्याची घंटा

मास्तरकीची बी.टी. परीक्षा पास होऊन मी सोलापूरला आले आणि शाळेच्या कमिटीला सांगितलं, मुलं आणि मास्तर शाळेत सुखी आहेत का, हे मला शोधायचंय. हेडमास्तर म्हणाले, "मुलांचं एक वेळ ठीक आहे बाई, पण मास्तरांना कशाला हवंय सुख?" हा माझ्या संशोधनाचा श्रीगणेशा! पुढं जन्मभर हेच काम केलं आणि हाच प्रश्न नाना तऱ्हेच्या साहेबांच्या तोंडून ऐकला.

रोज एकेका वर्गात मागं जाऊन बसायची. बहुतेक वर्गांत मसणवटीची शांतता. चौथीत मात्र दंगा. तिथले मास्तर अक्कलकोटकडचे, बोलण्यात कानडी हेल. फळ्यावर मुद्दाम चुकीची गणितं मांडायचे आणि चूक सापडली की पोरांकडून स्वतःचे कान धरून घ्यायचे. पोरं खदाखदा हसायची, पण गणितात शाळेत पहिली. हेडमास्तरांना हे खपेना. "ही शाळा आहे की तमाशाचा फड?" मास्तरांना काढायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

मास्तर वाचावेत म्हणून मी कमिटीपुढं तावातावानं अहवाल वाचला: जिथं मुलं हसतात, तिथं शिकतात. चेअरमनसाहेब खूश. इतके खूश, की हुकूमच सोडला: दुपारची घंटा झाली की प्रत्येक वर्गानं हसायचं. जो वर्ग हसणार नाही, त्याचा मास्तर घरी. घ्या! करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

मग काय विचारता! घंटा झाली की हेडमास्तर छडी घेऊन व्हरांड्यात आणि वर्गावर्गांतून हा हा हा. तिसरीचे म्हातारे मास्तर तर हसता हसता ठसका लागून खालीच बसायचे. रस्त्यावरचे टांगेवाले थांबून बघायचे. गप्प एकटी चौथी. दिवसभर खिदळणाऱ्या त्या पोरांना घंटेवर हसायला जमेचना. "उद्या हसली नाहीत, तर परवा येऊ नका," हेडमास्तरांनी मास्तरांना पोरांदेखत बजावलं. मी भांडायला गेले, तर मलाच म्हणतात, "बाई, अहवाल तुमचाच की!" अस्सा संताप आला!

दुसऱ्या दिवशी मी चौथीतच बसले. वर्गात एका तेलुगू विणकराचा मुलगा होता. आई जाऊन आठवडाही झाला नव्हता. बापानं मागावर बसायचं की पोराकडं बघायचं? म्हणून शाळेत धाडलेला. घंटा झाली. हेडमास्तर दारात. सगळी पोरं त्या मुलाकडं बघत गप्प.

"आज नको साहेब," मास्तर म्हणाले. "पोराची आई गेलीय. मीच जातो की घरी, त्यात काय." आणि खुंटीवरची टोपी काढली.

तेवढ्यात तो मुलगा उभा राहिला आणि मास्तरांकडं बघून मोठमोठ्यानं हसायला लागला. मग सगळा वर्ग हसला. हेडमास्तर समाधानानं मान हलवून पाचवीकडं गेले.

वर्ग थांबला, तरी तो हसतच होता. मास्तरांनी त्याला पोटाशी धरलं. "पुरे रे बाळा, गेले ते, पुरे की आता," म्हणत राहिले, पण त्याला काही थांबता येईना.