न झाळलेली कडी

नात घरीच चांदीचे डूल करते. तापलेली कडी तिने चिंचेच्या पाण्यात टाकली, चर्र झालं, आंबट वाफ उठली आणि मी सेलूच्या सोनाराच्या ओट्यावर जाऊन बसले.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. माझी मोठी बहीण, अक्का, दुसऱ्या दिवशी आष्टीला सासरी जायची होती. तिच्या पायातल्या तोरड्यांच्या बारीक कड्या सारख्या उघडत, म्हणून सोनारकाका एकेक कडी झाळत होते. फुंकणीच्या वाऱ्याने दिव्याची ज्योत आडवी व्हायची, सांध्यावर क्षणभर पाण्यासारखं काहीतरी चमकायचं आणि फट नाहीशी व्हायची. मी त्या चमकण्याची वाट पाहत बसले होते. शेवटची कडी उरली तेव्हा अक्का हळूच म्हणाली, "काका, एवढी झाळू नका."

"काऊन वं बाई?"

"माहेरचा दागिना माहेरच्याच सोनाराकडे न्यायचा, अशी रीत हाये तिकडे. कडी उघडली का मले इकडे येता येईन."

काकांनी फुंकणी खाली ठेवली. "मंग झाळत नाई. पण रस्त्यात पडू नये म्हणून कडक करून देतो." चिमट्याने कडीची टोकं चार वेळा मागेपुढे हलवून त्यांनी ती मिटवली. "आता आपोआप नाई उघडत."

मला वाटलं, काकांना तिचं म्हणणं कळलंच नाही.

अक्का दर वर्षी यायची, कडी उघडल्याचं सांगत. आता त्या तोरड्या माझ्याकडे आहेत. आज भिंग लावून ती कडी पाहिली. तिच्यावर दातांचे बारीक व्रण आहेत.