खिळ्यावर टांगलेली किल्ली

ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर असं की किराणावाला माझी चिठ्ठी आधी उलटी धरून पाहतो. चौथीपर्यंत शिकले, त्यातलंही पुष्कळ विसरले. म्हणून आधी माफी मागून घेते. कोणाची मागते तेही ठाऊक नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. नातीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, ती फाडून घेतली आहेत.

लिहायचं कारण असं झालं. शेजारच्या ताईंचा भाचा दिवाळीला आला होता. तो विमान चालवतो. ताई त्याला घेऊन आमच्याकडे बसायला आल्या. बोलता बोलता तो म्हणाला, "काकू, आमच्यात नियम आहे. थकवा असला तर कळवायचं, मी आज उडवू शकत नाही म्हणून. पण फोन हातात घेतला की जीभ जड होते. आपल्या जागी दुसऱ्याला सुट्टीतून बोलावतील, साहेब विचारतील काय झालं. आणि खरं सांगायचं तर झालेलं काहीच नसतं. नुसतं आतून कळतं."

मला खूप बोलायचं होतं. पण परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. मी त्याला पोहे वाढले, वरून शेव टाकली आणि आत गेले. जे त्याला सांगायचं होतं ते इथे लिहिते.

आमचे हे दिग्रस ते पुसद जीप चालवायचे. जीप त्यांची नव्हती. मालक होते त्यांना सारे चाचा म्हणत. चाचा आधी मेकॅनिक, मग एक जुनी जीप घेतली, ती स्वतः उघडून बांधली आणि धंद्याला लावली. माणूस कडक, पण वेळेला हात देणारा. माझ्या पोटाचं ऑपरेशन करायची वेळ आली तेव्हा ह्यांनी चाचांकडून उचल घेतली. दर फेरीमागे थोडे थोडे कापायचे असं ठरलं. जीप चालेल तोवर उचल फिटेल, जीप हातून गेली तर सारी एकदम मागतील, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीनं खाल्लं, उरलं त्याला भाव नाही, विकलं त्याचे चुकारे थकलेले. बाजारात पैसाच फिरत नव्हता. लोक जीपचं भाडं वाचवायला पायी निघत. आधी जीपवर दोन ड्रायव्हर होते, आलटून पालटून. चाचांनी एकाला काढलं. मग सारं ह्यांच्यावर आलं. उजाडायच्या आधी वेचणीच्या बायांना गावोगावच्या शेतांवर सोडायचं, मग दिवसभर पुसदच्या फेऱ्या, आणि दिवेलागणीला त्या बायांना परत आणायचं. घरी येत तेव्हा जेवताना घास हातात तसाच राही.

हे शूर वगैरे नव्हते बरं का. पालीला घाबरत. पाल भिंतीवर दिसली की मला हाक मारत. केसांना तेल लावून भांग पाडल्याशिवाय गाडीला हात लावत नसत, त्यावरून स्टँडवर सारे त्यांना "नवरदेव" म्हणत.

एके दिवशी मी पुसदला डॉक्टरांना टाके दाखवायला गेले होते. परत येताना ह्यांच्याच जीपमध्ये बसले, मागे, बायांमध्ये. बाजाराचा दिवस, गाडी गच्च. एक म्हातारी माझ्या अर्ध्या मांडीवर बसली होती, तिच्या पिशवीत कोंबडी. घाट उतरला, मग तो लांब सरळ रस्ता, मग नाल्यावरचा पूल. पुलाखाली डोहात म्हशी बसल्या होत्या. गाडी अशी सरळ चालली होती की कोंबडीसुद्धा हलली नाही. दिग्रसला उतरलो. लोक पैसे देऊन गेले. पुसदला जायचे लोक लगेच येऊन बसू लागले.

हे खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिले. मी पदर सारखा करून जवळ गेले. ते हळूच म्हणाले, "पूल कवा गेला वं?"

मला वाटलं थट्टा करतात. म्हटलं, "गेला न. म्हशी बसल्या होत्या पान्यात."

"मले नाही दिसला," ते म्हणाले. "घाट उतरलो ते आठवते. मंग एकदम हे स्टँड. मधातला रस्ता माह्याजवळ नाहीच."

आमच्यातल्या कोणालाच काही कळलं नव्हतं. गाडी डुलली नाही, ब्रेक लागला नाही, कोणाला ओरखडा नाही. ही गोष्ट ह्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हती, आणि ह्यांनी तोंड उघडलं नसतं तर कधी कळलीही नसती.

आमच्या स्टँडवर एक रीत होती. चहाच्या हॉटेलात चुलीच्या बाजूला भिंतीला एक खिळा होता. गाडी बिघडली की ड्रायव्हर किल्ली त्या खिळ्याला टांगायचा. म्हणजे या गाडीचा नंबर सोडा, मागची लावा. चांगल्या गाडीची किल्ली तिथे कोणी टांगत नसे. बाजाराच्या दिवशी भरलेली गाडी सोडणं म्हणजे मिळालेलं ताट लोटणं.

ह्यांनी जाऊन किल्ली टांगली.

चहावाला म्हणाला, "काय झालं बे नवरदेव, गाडीले?"

"गाडी चांगली हाय. मी खराब हावो."

सारे ड्रायव्हर हसले. एक म्हणाला, "तुह्या कोन्त्या पार्टले गरम झालं?" दुसरा म्हणाला, "बायको संगं हाय, घरी जायची घाई असन त्याले." मी लाजेनं मेले. गाडीत बसलेले लोक ओरडायला लागले. कोणी म्हणालं, दारू पेला असन. तेव्हा ती कोंबडीवाली म्हातारी, जी अजून तिथेच तंबाखू मळत उभी होती, ती पुढे आली आणि ह्यांना म्हणाली, "वाक, तोंड दे इकडं." हे मुकाट्यानं वाकले. तिनं वास घेतला आणि साऱ्यांना ओरडून सांगितलं, "दारू नाही बापा, कांदा हाय!"

तेवढ्यात चाचा आले. गॅरेज स्टँडच्या मागेच होतं. हाताला ऑइल, खांद्यावर फडकं. त्यांनी आधी बॉनेट उघडून पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं.

"क्या रे, किल्ली काहून टांगली?"

ह्यांनी पुलाचं सारं सांगितलं. साऱ्यांसमोर. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

चाचा म्हणाले, "पन पोचला न तू? सब खैरियत से? मंग एक चक्कर मार. लोक बसले हायेत. आल्यावर झोप."

"चाचा, गाडीचा आवाज बदलला की तुमी तिले घाटात धाडत नाही. इथंच खोलता."

"गाडीचा मेकॅनिक मी हाय. तुहा मेकॅनिक कोन?"

"झोप," हे म्हणाले.

लोक हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि म्हणाले, "ठीक हाय. झोप घे मंग, पोट भरून घे. ही किल्ली आता दुसऱ्याजवळ जाते. अन् उचलीचं काय?"

"देतो."

"कुठून?"

मी शेजारी उभी होते. ती उचल माझ्या पोटासाठी घेतलेली, माझ्या टाक्यांसाठी. मला वाटत होतं जमिनीनं मला आत घ्यावं. ह्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "कुठून ते माहीत नाही चाचा. पन या लोकायच्या जिवातून नाही."

घरी येऊन हे लिंबाखाली खाटेवर पडले ते उन्हं उतरली तरी उठले नाहीत. मी दारात बसून होते. मनात भलतंच येत होतं, की आता त्या जीपला काहीतरी व्हावं, म्हणजे हे खरे ठरतील. मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. जीपला काही झालं नाही. चाचांनी लावलेल्या नव्या ड्रायव्हरनं ती पुसदला नेली, परत आणली. संध्याकाळी तो मुद्दाम आमच्या दारावरून गेला आणि म्हणाला, "पाह्य, पोचली न गाडी!"

हे खाटेवर उठून बसले होते. म्हणाले, "पोचली? चांगलं झालं बापा." आणि ते मनापासून म्हणाले. मला त्यांच्या त्या वाक्याचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं. खरं ठरायची त्यांना काही गरजच नव्हती.

मग दिवस कठीण गेले. हे जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हमालीला लागले. कापसाची गाठोडी वाहायची, नाकातोंडात रुईचे तंतू जायचे, खोकत घरी यायचे. भांग मात्र पाडूनच जायचे. स्टँडवरून जाताना लोक "झोपाळू" म्हणून हाक मारत. मी शेजारपाजारच्या गोधड्या शिवायला घेतल्या. चाचांनी सारी उचल एकदम मागितली नाही; हे आठवड्याच्या मजुरीतून थोडे थोडे त्यांना नेऊन देत. चाचा मोजून घेत.

एक दिवस दुपारी हे जेवायला घरी आले होते, तेव्हा चाचा स्वतः आमच्या दारात आले. मी घाईनं आत गेले आणि दाराआडून ऐकत राहिले. त्यांच्या सुनेला लेकरू झालं होतं. तिला आणि त्या कोवळ्या लेकराला पुसदला तिच्या माहेरी पोचवायचं होतं. जीप त्यांची, नवा ड्रायव्हर त्यांचा, तरी ते आमच्या दारात आले होते.

म्हणाले, "क्या रे, झोप झाली हाय का तुही?"

मी आत देवाला हात जोडले. हो म्हणा, हो म्हणा. जीप परत मिळत होती.

हे म्हणाले, "आज नाही झाली चाचा. सकाळपासून गाठोडे उचलून राह्यलो. उद्या सकाळी नेतो."

मला रडूच आलं. वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा दारात येत नाही. मग चाचांचा आवाज आला, एकदम हळू.

"मंग उद्या नेजो. घाई नाही."

घाई नाही, हे शब्द चाचांच्या तोंडून दिग्रसमध्ये कोणी ऐकले नसतील.

दुसऱ्या दिवसापासून जीप परत ह्यांच्याकडे आली. चाचांनी काढलेल्या जुन्या ड्रायव्हरलाही परत बोलावलं, वेचणीच्या बायांची फेरी त्याला दिली. स्टँडवर मग हळूहळू दुसरेही कोणी कोणी किल्ली खिळ्याला टांगून म्हणायला लागले, "आज मी खराब हावो." सारेच खरे नव्हते. एक जण खराब आहे म्हणून सांगून हॉटेलच्या मागे पत्ते खेळताना सापडला. चहावाला त्याला म्हणाला, "तू खराबच हायेस, पन त्याले झोपेचं औषध नाही." तरी त्याच्यावरून बाकीच्यांची चेष्टा कोणी केली नाही. "झोपाळू" म्हणणं मात्र ह्यांच्या मागे कायमचं लागलं. पुढे पुढे ते लोक मानानं म्हणायला लागले असं मला वाटतं, पण मी बायको आहे, मला तसं वाटणारच.

तो विमानवाला मुलगा म्हणाला ना, झालेलं काहीच नसतं, नुसतं आतून कळतं. तेच तर. काही झाल्यावर सांगायला कोणालाही येतं.

उचलीचे शेवटचे पैसे माझ्या गोधड्यांचे होते. ते मीच घेऊन गॅरेजला गेले. मी कधी एकटी तिथे गेले नव्हते. चाचा जीपखाली होते, फक्त पाय दिसत होते. मी बांगड्या वाजवल्या तेव्हा बाहेर आले. हात फडक्याला पुसून त्यांनी पैसे घेतले आणि अंगठा जिभेला लावून मोजले.

"पुरे झाले," म्हणाले. मग विचारलं, "तो काहून नाही आला?"

मी खाली पाहत म्हणाले, "झोपले हायेत."

चाचांनी पैसे वरच्या खिशात ठेवले. "झोपू दे त्याले," ते म्हणाले. "उठल्यावर सांगजो, फिटले सारे."