कागदावरचा दुसरा नवरा

पन्नास वर्षं माझे दोन नवरे होते आणि मला पत्ताच नव्हता.

पत्ता लागला तो मध्य प्रदेशातल्या आमच्या लांजीच्या बाजारातल्या ऑनलाइन सेंटरवर. सरकार म्हाताऱ्या जोडप्यांना रेल्वेनं रामेश्वरला नेणार होतं. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. आमचं सगळं पाणी म्हणजे नदी, तलाव नि धानाच्या बांध्या. मरायच्या आधी एकदा, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी पाहायचं होतं. म्हणून बुढ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ओढतच नेलं. अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

सेंटरवरच्या पोरीनं आमचे नंबर टाकले आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"दादी, आपके पति कौन हैं?"

"हा काय, बाकड्यावर बसून बिडी पिऊन राह्यला तो."

"रेशन के रिकार्ड में तो दूसरे हैं." तिनं नाव वाचलं. ते माझ्या धाकट्या दिराचं होतं!

मग तिनं समजावलं. आता रेशन, आधार, कुटुंबाचा समग्र नंबर, जमिनीचे कागद, सगळी खाती आपसात माहिती देतात-घेतात. पूर्वी ही खाती जावा-जावांसारखी होती, एका घरात राहून अबोला धरायची. आता बोलायला लागली, आणि पहिली चुगली केली ती माझीच. रेशनच्या खात्यात दिराला दोन बायका, आणि माझा बुढा चक्क कुंवारा. हे ऐकून बुढा जरा ताठ बसला आणि मिशीवरून हात फिरवला.

"लय खूश नोको होऊ," मी म्हटलं. "तुले कोनी पोरगी देनार नाही."

दोष सरकारचा नव्हता. दोष त्या एका नव्या नवरीचा होता, जी मी होते. तेव्हाची मी म्हणजे लुगड्यात बांधलेलं गाठोडं. पदर नाकापर्यंत, अक्कल पदराच्याही आत. सासूबाईंनी बजावलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. मी इतकी शहाणी, की लग्नात उखाणा घेतानाही नाव दातांखाली चावून टाकलं. बायांना फक्त "मंमंमं" ऐकू आलं.

त्यातच रेशनकार्डासाठी नावं लिहिणारा बाबू घरी आला. "नवऱ्याचं नाव?" मी मुकी. त्यानं पुन्हा विचारलं. मी पदराआडून अंगणातल्या बाजेकडे बोट दाखवलं. सकाळपासून नवरा तिथंच लोळत होता. पण नेमका तेव्हा तो बैलांना पाणी पाजायला उठून गेला होता आणि बाजेवर दीर बसला होता. पदरातून मला दिसल्या त्या फक्त चार पायांच्या बाजेवरच्या दोन तंगड्या. बाबूनं जाऊन दिराचं नाव विचारलं, दिरानं इमानदारीनं सांगितलं. झालं माझं दुसरं लग्न! ना वरात, ना जेवणावळ. पुढे साखर-रॉकेल वेळेवर मिळत गेलं. नवऱ्याचा रकाना वाचतो कोण?

घरी आल्यावर जावेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "बाई, म्हंजे तुमी माह्या सवत व्हय?"

"सवत काहून? पहिली मी हावो. तू माह्या मागून आली."

"मंग न्या ना त्याहिले! धुनं-पानी, घोरनं, सारं घेऊन जा. वापस नोका देऊ."

दीर त्या दिवशी चहा मागायलाही आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती चूक दुरुस्त करायला जावेला घेऊन पंचायतीत सचिवापुढे उभी राहिले. खोलीत गावातली दहा-बारा माणसं आपापली कामं घेऊन बसली होती. बुढा बाहेर ओसरीवर डुलक्या घेत होता.

सचिव म्हणाला, "दादी, पति का नाम खुद बोलिए. आपका बयान है, मैं नहीं बोल सकता."

"लिवलं तं हाय ना आधारवर!"

"बोलना पड़ेगा."

सगळी खोली माझ्याकडे पाहू लागली. पन्नास वर्षं नाव न घेता मी त्याचं आयुष्य वाढवत होते आणि तो बिड्या पिऊन घटवत होता. हिशेब बरोबरीचा चालला होता. बोट तर आपोआप ओसरीकडे वळलं. जाऊ मागून ओरडली, "बाई, बोट नोको! त्या बोटानंच माहा संसार वाटला!"

सचिवानं घड्याळ पाहिलं. "दादी, आज आख़िरी दिन है."

मला समुद्र दिसला. म्हणजे हातचा जाताना दिसला. मी पदर खोचला आणि लग्नातला राहिलेला उखाणा म्हटला:

"समुद्राचं पानी खारट किती, चाखून सांगीन खरं, अमुकरावाचं नाव घेतो, बाबू, आता अर्ज तं भर!"

'अमुक' इथं लिहिताना. तिथं नाव घेतलं, खणखणीत, पंचायतीबाहेरच्या बकऱ्यांनी मान वर केली इतकं.

आणि ओसरीवरून बुढा दचकून उठला, काठी आपटत आत आला, टोपी सावरत सचिवापुढे उभा राहिला. "हौ साहेब, हाजिर हावो. कोनं बोलावलं?"

माझ्या आवाजात त्यानं ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. त्याला वाटलं, कोणी मोठा अफसर आला.

अर्ज गेला. आम्ही गेलो. समुद्र खारटच आहे, चाखला. काठावर बुढा पुढे चालला होता, म्हणून मी त्याला नावानं हाक मारली. मग उगाच दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तो वळला.

"काय वं, अजून एखादा फारम राह्यला काय?"