पांघरुणाखालचा सौदा

मल्लप्पाअप्पांची बोटं पांघरुणाखाली हलत होती. मी हातात थर्मामीटर घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी राहून बघत होते.

अप्पांना मुदतीचा ताप होता. म्हणजे टायफॉइड. निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या तापावर नेमकं औषध आमच्याकडं नव्हतं. तीन आठवडे रोग्याला पाडून ठेवायचं, घट्ट काही द्यायचं नाही, दूध आणि बार्लीचं पाणी पाजत राहायचं. या तापात रोगी पांघरूण चिवडायला लागला तर लक्षण वाईट, असं मोठ्या सिस्टरनी आदल्याच आठवड्यात लेक्चरमध्ये सांगितलं होतं. मी ते वहीत लाल पेन्सिलीनं लिहून घेतलं होतं.

मी डॉक्टरांकडं धावले. ‘साहेब, सात नंबर पांघरूण चिवडतोय.’

डॉक्टर हैदराबादचे. जेवणावरून तसेच उठून आले. त्यांची घाई बघून अप्पांच्या बायकोनं, गंगव्वांनी, कानडीत रडायला सुरुवात केली. त्यांचं बघून शेजारच्या खाटेवरचाही रडायला लागला. डॉक्टरांनी पांघरूण उचललं. आत अप्पांचा हात होता, आणि त्या हातात स्टुलावर बसलेल्या चांदसाहेबांचा हात. चांदसाहेब म्हणजे अप्पांसारखेच नळदुर्गच्या बाजारातले अडते.

‘करडईचं बोलणं चाललंय, साहेब,’ चांदसाहेब शांतपणे म्हणाले. ‘अजून भाव ठरला न्हाय.’

तिकडच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हात घालून बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. तिसऱ्याला पत्ता लागत नाही. शेवटी हात दाबला की सौदा पक्का. मग कुणी माघार घ्यायची नाही. हे सगळं डॉक्टरांना ठाऊक होतं. मला नव्हतं. मी रत्नागिरीकडची.

डॉक्टर हसत जेवायला गेले. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत.

सिस्टरांचे माझ्यावर उपकार होते. प्रोबेशनर, म्हणजे शिकाऊ नर्स, निदान सातवी पास लागायची. माझी शाळा पाचवीतच सुटलेली. वडील गेले, काकांच्या घरी चार वर्षं भांडी घासली, आणि एका ओळखीच्या बाईंबरोबर इतक्या लांब आले. सिस्टरांनी तीन महिने बघते म्हणून ठेवून घेतलं. त्यातले अडीच झाले होते. इथून काढलं तर परत काकांकडं. त्यामुळं सिस्टर जे शिकवतील ते मी पाढ्यांसारखं पाठ करत असे.

त्या शिकवत त्याला थिअरी म्हणत. भारी शब्द आहे, पण गोष्ट सोपी. औषध डॉक्टर देतो, रोगी आपल्या शरीराच्या बळावर बरा होतो. त्या बळाला आडकाठी येऊ नये एवढं नर्सनं बघायचं. मोकळी हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, वेळेवर पोटात काहीतरी. आणि सारखं लक्ष. लक्षाच्या बाबतीत मी नुकताच उजेड पाडला होता, म्हणून शांततेचा नियम घट्ट धरला. चांदसाहेबांचं येणं बंद केलं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी तोंड मिटलं. फिडिंग कप म्हणजे चोचीचा कप. त्याची चोच ओठाला लागली की मान भिंतीकडं.

‘अप्पा, थोडं तरी घ्या.’

‘भाकरी आन, न्हायतर जा.’

भाकरी दिली तर आतडं फाटायची भीती, हे मी समजावून सांगितलं. गंगव्वांनी शिवाची आण घातली. डॉक्टरांनी दम दिला. दोन दिवस चार्टमध्ये दुधाच्या रकान्यात भोपळे. जीभ सुकली, नाडी बारीक झाली. डॉक्टर मला ऐकू येईल असं सिस्टरांना म्हणाले की असंच चाललं तर ताप उतरायच्या आधी माणूस जाईल. सिस्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात घेतलं.

‘दर दोन तासांनी बारा चमचे दूध. अप्पा तुझा पेशंट आहे. तुला जमत नसेल तर आत्ता सांग, दुसरीला देते.’

जमतं म्हणाले. कसं, ते माहीत नव्हतं. खाटेजवळ जाऊन नाडी बघायला अप्पांचा हात धरला, आणि सुचलं. खांद्यावरचा नॅपकिन त्या हातावर टाकला, खाली हात घातला आणि त्यांची पाचही बोटं दोनदा धरली, मग दोन. बारा.

अप्पांनी मान वळवली. माझ्याकडं बघितलं नाही. बाजारात बघत नसत म्हणे. त्यांनी माझी दोन बोटं धरली. मी पुन्हा बारा. त्यांनी तीन. गंगव्वा पदर तोंडाला लावून बघत होत्या. मी दहा, ते चार, मी नऊ. घाबरलेल्या माणसानं सौदा करू नये. सातवर त्यांनी माझा हात दाबला.

‘लई घाई करतीस,’ ते म्हणाले आणि सात चमचे दूध प्याले. आठवा काही केल्या घेतला नाही.

सिस्टरांनी चार्ट बघितला. सातच का, म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग वीसपासून सुरुवात कर की.’

वीसपासून सुरुवात केली तेव्हा बारावर आलो. पण अप्पांनी अट घातली, ती मात्र तोंडानं: चांदसाहेबाला रोज घटकाभर येऊ द्यायचं. मी सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, शांतता बिघडली तर बंद. चांदसाहेबांना मी येताना-जाताना लायसॉलच्या जंतुनाशक पाण्यात हात धुवायला लावले. सौद्याआधी हात धुवायचा कायदा निजामानं कधी केला, असं त्यांनी दोनदा विचारलं, पण धुतले. मग दोघं म्हातारे टॉवेलखाली हात घालून बसत. अर्धा तास अवाक्षर नाही. वॉर्डात इतकी शांत भेट दुसऱ्या कुणाची नव्हती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ताप उतरला. घरी जाताना अप्पा सिस्टरांना म्हणाले, ‘पोरगी भित्री हाय, पन सौदा मोडत न्हाय. ठेवून घ्या.’ सिस्टरांनी ठेवून घेतलं. त्यांचे उपकार मी नोकरीभर फेडत राहिले.

पुढं मीच नव्या मुलींना थिअरी शिकवायला लागले. हवा, उजेड, शांतता त्या पटापटा पाठ करतात. मी त्यांना एवढंच सांगते, की थिअरी आपल्याला पाठ असते, रोग्याला नसते. त्याच्याशी ठरवून घ्यावं लागतं.